खाजगी मालकी: समाजाला तारक की मारक?

अन्वय (धागाकर्ता)

खाजगी मालकीवर बोलणं सुरू झालं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, स्वतःचं असल्याशिवाय माणूस जीव ओतून राबत नाही. दुसरा म्हणतो, कुंपण पडलं तिथेच विषमता सुरू झाली. दोन्हीत तथ्य आहे, पण दोघंही मालकी म्हणजे एकच अखंड वस्तू असल्यासारखं बोलतात. ती असते हक्कांची मोळी. वापरायचा हक्क, दुसऱ्याला अडवायचा हक्क, पीक किंवा भाडं घ्यायचा, विकायचा, गहाण टाकायचा, वारसांना द्यायचा, त्यात बदल करायचा. भाडेकरूकडे यातली पहिली दोन लाकडं असतात, कुळाकडे पहिली तीन. विश्वस्ताला अडवता येतं, सांभाळता येतं, पण उपभोगता येत नाही. त्यामुळे मालकी चांगली की वाईट असं विचारून हाती काही लागत नाही. कुठलं लाकूड कोणाच्या हाती गेल्यावर काय झालं, हे मात्र तपासता येतं.

चीनचं उदाहरण घ्या. आन्ह्वेई प्रांतातल्या श्याओगांग गावात डिसेंबर १९७८ मध्ये १८ शेतकऱ्यांनी गुपचूप करार करून सामुदायिक शेत घराघरात वाटून घेतलं. सरकारचा आणि समूहाचा ठरलेला वाटा द्यायचा, उरेल ते घरचं. जमीन समूहाचीच राहिली. विकायचा किंवा गहाण टाकायचा हक्क कोणालाही मिळाला नाही. बदललं ते एवढंच, की उरलेलं धान्य कोणाचं. ही पद्धत पुढे देशभर लागू झाली आणि धान्याचं उत्पादन १९७८ मधल्या सुमारे ३०.५ कोटी टनांवरून १९८४ मध्ये सुमारे ४०.७ कोटी टनांवर गेलं.

माझं म्हणणं असं: मालकीच्या खात्यावर जो फायदा मांडला जातो, त्यातला मोठा भाग या 'उरलेल्यावरच्या हक्का'चा आहे. विक्रीच्या आणि वारशाच्या हक्काचा नाही.

हिशेबी

दिशा बरोबर आहे, पण आकडा सगळाच्या सगळा त्या एका लाकडावर टाकू नका. १९७९ मध्येच सरकारने धान्याचे खरेदी दर वाढवले. ठरलेल्या कोट्याचा दर सुमारे २० टक्क्यांनी वाढला आणि कोट्यापलीकडच्या धान्याला त्यावर आणखी ५० टक्के अधिमूल्य मिळू लागलं. त्याच काळात रासायनिक खत आणि संकरित भातही पसरत होता. शिवाय १९८५ मध्ये उत्पादन घसरून ३८ कोटी टनांच्या आसपास आलं. म्हणजे हक्क बदलल्यामुळे मिळालेली उडी एकदाच मिळाली. ती दरवर्षी मिळत राहिली नाही.

आणखी एक गोष्ट. पट्टा किती वर्षांचा आहे यावर गुंतवणूक ठरते. एका हंगामाची हमी असेल तर माणूस बियाणं आणि खत घालतो. पाच वर्षांची असेल तर शेणखत घालतो, बांध नीट करतो. फळबाग, विहीर, सपाटीकरण यांना १५ ते ३० वर्षांची हमी लागते, कारण परतावा तेवढ्या काळाने येतो. चीनमध्ये पट्ट्याची मुदत १९८४ मध्ये १५ वर्षं झाली, १९९३ नंतर ती आणखी ३० वर्षांनी वाढवायचं धोरण आलं, ते याचसाठी. हमीची लांबी महत्त्वाची. त्यावर 'मालक' हा शब्द लिहिलेला आहे की नाही, हे दुय्यम.

चारखुंट

दोघंही एक गोष्ट सोडून देताय. हमी देणारा कोण? पट्टा सरकारने दिला असेल तर तो काढून घेणाराही सरकारच. सोव्हिएत संघात १९२९ नंतर सामुदायिकीकरण सुरू झालं तेव्हा शेतकऱ्यांनी गुरं समूहाच्या हवाली करण्याऐवजी कापून खाल्ली, विकली. पुढे चाऱ्याअभावीही असंख्य मेली. १९३३ पर्यंत गुरांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. ट्रॅक्टर अजून पुरेसे पोचले नव्हते आणि नांगर ओढणारे घोडेही तसेच घटले होते. त्यात धान्याची सक्तीची उचल चालूच राहिली. १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं गेली, त्यामागे ही सगळी साखळी आहे. उद्या आपलं राहणार नाही हे कळलं की माणूस आज जे हाती आहे ते संपवतो. जनावर संपवता येतं, बियाणं संपवता येतं, जमिनीचा कस संपवता येतो.

खाजगी मालकीचा सर्वांत मोठा उपयोग उत्पादन वाढवण्यात नाही, सत्ता विखुरण्यात आहे. घर, जमीन, छापखाना, दुकान सगळं एकाच हाती असेल तर त्या हाताविरुद्ध बोलणारा माणूस त्याच दिवशी बेघर आणि बेरोजगार होतो. हा मुद्दा मी टक्केवारीत मांडू शकत नाही, पण माझ्या लेखी तो सगळ्या आकड्यांच्या वर आहे.

पाणवाट

चारखुंट, सरकार आणि एकटा माणूस यांच्या मधे तिसरा मालक असतो: ठरावीक लोकांचा गट. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली आणि तेव्हापासून 'सामाईक म्हणजे नासाडी' हे समीकरण रूढ झालं. त्यांनी वर्णन केलेलं कुरण खरं तर बेवारस होतं. कोणीही यावं, कितीही गुरं सोडावीत. सामाईक मालकीत सभासद ठरलेले असतात आणि बाहेरच्याला मज्जाव असतो.

स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचा सामाईक कुरणाबद्दलचा दस्त १४८३ चा आहे. १५१७ मधला तिथला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: हिवाळ्यात घरच्या चाऱ्यावर जेवढी गुरं पोसता येतील तेवढीच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामाईक कुरणात सोडायची. यात मोजणी सोपी आहे, कारण गोठा आणि गवताची गंजी शेजाऱ्याला दिसते. उन्हाळ्यापुरती गुरं विकत आणून कुरण ओरबाडायची वाट बंद होते. आणि कुरणावरचा भार आपोआप खाजगी गवताळ जमिनीच्या क्षेत्राशी बांधला जातो. शेतं खाजगी, कुरण आणि जंगल सामाईक, अशी सरमिसळ तिथे शतकानुशतकं टिकली. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी अशीच उदाहरणं जगभरातून गोळा केली आणि त्या कामासाठी त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

सामाईक व्यवस्था मोडते कशामुळे, हेही त्यातून कळतं. सभासद कोण ते अस्पष्ट होणं, देखरेख करणारा गटाला उत्तरदायी नसणं, पहिल्याच चुकीला जबर दंड, किंवा उलट कधीच दंड नाही. आणि सर्वांत जास्त वेळा, वरून आलेल्या सरकारने गटाचे नियम अमान्य करणं. दंड लहान हवा आणि चुकीगणिक वाढत जाणारा हवा. पहिल्या वेळी खरं काम लोकांना कळण्यानेच होतं.

हिशेबी

बेवारस आणि सामाईक यांतला फरक मान्य. मग इंग्लंडमध्ये सामाईक जमिनीचे तुकडे पाडून खाजगी कुंपणं पडली तेव्हा नेमकं काय चुकलं, ते या फरकाच्या प्रकाशात सांगाल का?

पाणवाट

सांगतो, कारण तिथे भूमितीनेच गरिबांचा घात केला.

१६०४ ते १९१४ या काळात संसदेने कुंपणाचे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यात आली, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्राचा पाचवा हिस्सा. पद्धत साधारण अशी: मोठे जमीनदार अर्ज करायचे, संमती डोकी मोजून नव्हे तर जमिनीच्या मूल्यावर मोजली जायची, मग आयुक्त येऊन हक्क तपासायचे आणि तुकडे पाडायचे. ज्याच्याकडे कागद होता त्याला तुकडा मिळाला. ज्याची नुसती वहिवाट होती, म्हणजे एक गाय चारणं, सरपण गोळा करणं, सुगीनंतर कणसं वेचणं, त्याला बहुतेक वेळा काहीच मिळालं नाही. वहिवाट हाही मोळीतला खराखुरा हक्क होता. तो लिहिलेला नव्हता, एवढाच त्याचा दोष.

ज्यांना छोटा तुकडा मिळाला त्यांना ठरावीक मुदतीत स्वखर्चाने कुंपण घालायची अट होती. आता गणित पाहा. १ एकराचा चौरस म्हणजे बाजू सुमारे ६३.६ मीटर, परीघ २५४ मीटर. १०० एकरांचा चौरस म्हणजे बाजू ६३६ मीटर, परीघ २,५४४ मीटर, म्हणजे एकरी फक्त २५ मीटर. लहान धारकाला एकरी दहापट कुंपण. वर मोजणी, वकील आणि कायद्याचा खर्च. अनेकांनी तुकडा शेजारच्या मोठ्या जमीनदाराला विकून टाकला आणि मजुरी धरली. शेतीचं उत्पादन वाढलं हे खरं. वाढ मोठ्यांकडे गेली आणि खर्चाचा बोजा लहानांवर पडला, हेही तितकंच खरं.

नोंदवही

शेवटी सगळं 'लिहिलेलं नव्हतं' इथेच येऊन थांबतं, म्हणून नोंदीबद्दल सविस्तर लिहिते. चर्चेत हा भाग नेहमी राहून जातो.

नोंदीच्या दोन जाती आहेत. पहिलीत फक्त दस्त नोंदला जातो. 'अ'ने 'ब'ला विकलं एवढंच सरकार लिहून ठेवतं; 'अ' खरा मालक होता का, याची हमी देत नाही. त्यामुळे घेणाऱ्याला मागच्या ३०-४० वर्षांची दस्तांची साखळी तपासावी लागते आणि मधला एखादा दुवा खोटा निघाला तर सगळं कोसळतं. दुसरीत हक्कच नोंदला जातो. रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात ही पद्धत आणली. जहाजांच्या मालकीची नोंदवही असते तशी जमिनीची करायची, ही कल्पना. तिची तीन तत्त्वं: नोंदवहीत दिसतं तेच वास्तव, नोंदवहीच्या मागे जाऊन जुने दस्त उकरायचे नाहीत, आणि नोंद चुकल्यामुळे कोणाचं नुकसान झालं तर भरपाई सरकारी निधीतून. तिसरं तत्त्व गाळून पहिली दोन आणली तर चोराने नोंद बदलून घेतली की खरा मालक कायमचा उघडा पडतो. हमीचा निधी नसलेली 'हमीची नोंद' मागू नये.

नोंद शून्यातून करायची तर रवांडाने २००९ नंतर केलेलं काम पाहावं. काही वर्षांत एक कोटीहून अधिक तुकडे नोंदले गेले. क्रम असा:

१. हवाई छायाचित्र मोठ्या आकारात छापायचं.
२. गावातल्याच तरुणांना थोडक्यात प्रशिक्षण द्यायचं. पदवीधर मोजणीदाराची वाट पाहायची नाही.
३. मालक आणि चारही बाजूंचे शेजारी एकत्र हद्दीवरून चालतात आणि छायाचित्रावर रेघ मारतात.
४. प्रत्येक दाव्याची पावती जागेवरच द्यायची. वाद असेल तर तसा शेरा मारायचा, काम थांबवायचं नाही.
५. नकाशा आणि यादी सर्वांना दिसेल अशी लावायची, हरकती घ्यायच्या, गावपातळीवर मिटवायच्या.
६. मग प्रमाणपत्र.

इथली हद्द सेंटिमीटरमध्ये अचूक नसते, बांध किंवा ओढा हीच खूण धरतात. शेतजमिनीला तेवढं पुरतं. सेंटिमीटरची अचूकता मागितली की प्रत्येक तुकड्याचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो आणि मोहीम श्रीमंत भागातच अडकते.

बिघडतं ते पुढे. पहिली नोंद मोफत किंवा स्वस्त असते, नंतरच्या विक्रीची फी मात्र तुकडा लहान असो की मोठा, सारखीच. पाव एकर विकणाऱ्याला ती परवडत नाही. तो साध्या कागदावर व्यवहार करतो आणि दहा वर्षांत नोंदवही आणि जमीन यांची फारकत होते.

चारखुंट

नोंदवही, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. यात एक भर: कागद मिळाला की बँक कर्ज देते आणि गरिबी हटते, असा दावा नव्वदच्या दशकात फार जोरात होता. त्याबद्दल काय?

नोंदवही

दावा अर्धाच टिकला. ब्वेनोस आयरेसजवळच्या सान फ्रान्सिस्को सोलानो वस्तीत जवळपास प्रयोगच घडून गेला. १९८१ मध्ये भूमिहीन कुटुंबांनी जमीन व्यापली. १९८४ च्या कायद्याने ती मूळ मालकांकडून घेऊन रहिवाशांना द्यायचं ठरलं. काही मालकांनी भरपाई घेतली, काही कोर्टात गेले. त्यामुळे शेजारी शेजारी राहणाऱ्या, सारख्याच परिस्थितीतल्या कुटुंबांपैकी कोणाला हक्काचा कागद मिळाला, कोणाला नाही, आणि ते त्यांच्या कर्तबगारीवर अवलंबून नव्हतं. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तुलना केली. कागद असलेल्यांची घरं चांगली होती, भिंती आणि छप्पर पक्कं होतं. कुटुंबं आटोपशीर होती, मुलं जास्त शिकली. कर्ज मात्र फारसं वाढलं नाही, उत्पन्नही नाही.

कारण सरळ आहे. बँक आधी पगार पाहते, तारण नंतर. लहान घर जप्त करून, लिलाव करून, राहणाऱ्यांना बाहेर काढायचा खर्च कर्जाच्या रकमेलाच खाऊन टाकतो. कागदाने मिळते ती निश्चिंती. भांडवल त्याच्या मागोमाग येतंच असं नाही.

दुवा

सगळे कमी मालकीबद्दल बोलताय. जास्त मालकीही घातक असते. मॉस्कोत नव्वदच्या दशकात दुकानाचे गाळे रिकामे आणि समोर फुटपाथवर टपऱ्यांची गर्दी, असं दृश्य होतं. मायकेल हेलर यांनी त्याचं कारण दाखवलं: एकाच गाळ्यावर विकायचा हक्क एकाचा, भाडं घ्यायचा दुसऱ्याचा, वापर ठरवायचा तिसऱ्याचा. प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार. अन्वय यांच्या भाषेत, मोळी सुटून लाकडं दहा घरी गेली.

वारसाने तुकडे पडतात तेव्हा हेच होतं. चार पिढ्यांत प्रत्येकी चार वारस धरले तर २५६ सहमालक. एकाची सही नसली की विक्री नाही, दुरुस्ती नाही, पाइपलाइन नाही. यावर उपाय म्हणजे सर्वानुमताऐवजी ठरावीक बहुमताने निर्णय, आणि बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा आधी इतर सहमालकांना रास्त किमतीत देऊ करायची सक्ती.

मूल्यमापक

मला वाटतं धाग्याचा खरा गाभा अजून आलाच नाही. जमीन आणि तिच्यावरचं बांधकाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर मालकाने बांधलं. जमिनीची किंमत मात्र रस्ता, शाळा, रेल्वे, शेजारची वस्ती यांनी वाढवली. मालक झोपलेला असतानाही ती वाढते. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्ये हेच मांडलं: इमारतीवर कर लावू नका, जमिनीच्या मूल्यावर लावा. इमारतीवर कर लावला तर लोक कमी बांधतात. जमिनीवर लावला तर जमीन कमी होत नाही, उलट मोकळी अडवून ठेवणं महाग पडतं.

करायचं कसं? परिसरातल्या विक्रींच्या किमती घ्या. प्रत्येकीतून आज तीच इमारत बांधायचा खर्च, वयाची घट वजा करून, बाजूला काढा. उरते ती जमिनीची किंमत. मोकळ्या भूखंडांच्या विक्रीशी ती ताडून पाहा आणि नकाशावर चौरस मीटरमागे दर मांडा. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. हे शेवटचं वाक्य पाळलं नाही तर सगळं फसतं. एस्टोनियात १९९३ पासून फक्त जमिनीवर कर आहे, पण २००१ च्या मूल्यांकनानंतर पुढचं थेट २०२२ मध्ये झालं. इतकी वर्षं थांबलं की एकदम मोठी वाढ येते, लोक चिडतात, मग वाढीवर मर्यादा घालावी लागते.

हिशेबी

मूल्यमापक, तुमच्या कराचा भार कोणावर पडतो तेही सांगा. समजा जमिनीचं वार्षिक भाडं ५, व्याजदर ५ टक्के. जेवढ्या रकमेवर वर्षाला ५ व्याज मिळेल तीच जमिनीची किंमत: ५ भागिले ०.०५, म्हणजे १००. आता मूल्यावर दरसाल ५ टक्के कर लावला. त्याच भाड्यातून आता व्याज आणि कर दोन्ही निघायला हवेत, म्हणून किंमत होईल ५ भागिले ०.१०, म्हणजे ५०. निम्मी किंमत एका रात्रीत गेली आणि ती सगळी आजच्या मालकाची गेली. उद्याचा घेणारा ५० लाच घेईल, त्याला काही झळ नाही. पन्नास वर्षं जमीन अडवून बसलेला आणि काल कर्ज काढून घर घेतलेला, दोघांना एकच मार.

मूल्यमापक

गणित बरोबर आहे आणि आक्षेप मला मान्य आहे. म्हणून कर एकदम लावू नये. १५-२० वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि तेवढाच इमारतीवरचा किंवा मजुरीवरचा कर उतरवावा. उत्पन्न नसलेल्या वृद्ध मालकाचा कर घरावर बोजा म्हणून चढवून विक्रीच्या किंवा वारसाच्या वेळी वसूल करावा.

मालकांचं नुकसान भरून देत हक्क हलवता येतात, याचं सर्वांत पद्धतशीर उदाहरण तैवान. १९४९ मध्ये खंड मुख्य पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर आणला. १९५३ मध्ये मध्यम प्रतीच्या भातजमिनीपैकी सुमारे २.९ हेक्टर जमीनदाराकडे ठेवून बाकीची कुळांना दिली. किंमत ठरली वार्षिक मुख्य पिकाच्या अडीचपट. त्यातले ७० टक्के भात आणि रताळ्यांच्या भावाशी बांधलेल्या रोख्यांत, दहा वर्षांत. ३० टक्के चार सरकारी कंपन्यांच्या समभागांत. रोखे धान्यात असल्यामुळे महागाईने त्यांची माती झाली नाही. कुळालाही हप्ता पिकात मोजायचा होता, त्यामुळे भाव पडले तरी तो बुडाला नाही.

अन्वय

तैवानमुळे माझ्या पहिल्या विधानात दुरुस्ती करावी लागेल. तिथे कुळाला उरलेल्यावरचा हक्क खंड उतरवल्यावरच मिळाला होता. तरी १९५३ मध्ये पूर्ण मालकी दिली, कारण खंडाची मर्यादा पुढचं सरकार उठवू शकलं असतं. चारखुंट म्हणत होते तो हमीचा मुद्दा मी कमी लेखला.

चारखुंट

आणि मी मालकाला सरकारपासून वाचवताना एक धरून चाललो, की मालक म्हणजे कुटुंब. नोंदवही, मोहिमेत नाव कोणाचं लागतं? कुटुंबप्रमुखाचं लागलं तर बायकोची वहिवाट इंग्लंडमधल्या त्या गाय चारणाऱ्यांसारखीच पुसली जात असणार.

नोंदवही

अगदी तसंच होतं. अर्जावर नावाचा एकच रकाना असेल तर तो नवऱ्याच्या नावाने भरला जातो आणि आधी परंपरेने तिला असलेला कसायचा हक्क कागदाने संपतो. इथिओपियात जमीन राज्याची आहे, फक्त वापरहक्काचं प्रमाणपत्र मिळतं. पण अनेक भागांत त्यावर नवरा-बायको दोघांची नावं आणि दोघांचे फोटो लावले गेले. फोटोचा उपयोग असा की वाचता न येणाऱ्या बाईलाही आपण त्या कागदावर आहोत हे दिसतं, आणि परस्पर व्यवहार करताना दुसरी बाई उभी करता येत नाही.

अर्जात तीन गोष्टी हव्यात. दोन सक्तीचे रकाने, आणि एक रिकामा असेल तर अविवाहित, विधवा, घटस्फोटित यांपैकी काय ते लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ नये. विक्री आणि गहाण दोन्हीला दोघांची सही. आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच्या नावे नोंद आपोआप, अर्ज आणि फी न लावता. तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. मग विधवा दिराच्या नावाने नोंद झाल्याचं दोन-तीन वर्षांनी ऐकते, आणि तोवर हरकतीची मुदत संपलेली असते.